चार इंची भिंत

एजंटनं बोटं मुडपून भिंतीवर तीनदा ठकठक केलं आणि भिंतीला कान लावला.

"या, या, दार उघडंच आहे!" पलीकडून, स्वयंपाकघरातून आवाज आला.

एजंट दचकला. बाईंना हसू आवरेना.

"अहो, दारावर कोणी नाही. ते भिंत वाजवून बघतायत," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

"का? भिंतीत कोणी राहायला आलंय का?" पलीकडून विचारणा झाली आणि पाठोपाठ कपबशी किणकिणली.

एजंटनं मात्र काम सोडलं नाही. त्यानं आणखी दोन-तीन ठिकाणी वाजवून पाहिलं, वर छताकडे पाहिलं आणि तळहात झटकले. "चार इंची आहे. हिच्यावर कसला भार नाही, काकू. ही पाडली, की घर विकलं म्हणून समजा."

बाईंनी बालवाडीत एकतीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. इमारतीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच बाई. त्यांच्या यजमानांनी शहराची बस तेहतीस वर्षं चालवली, ते सगळ्यांचे ड्रायव्हर. घरात एक बाई आणि एक ड्रायव्हर. नवख्या माणसाला वाटावं, कुणा श्रीमंताची नोकरमंडळीच इथे राहतात. हा विनोद ड्रायव्हरांनीच केला होता आणि नवीन माणूस भेटला की ते तो अजून सांगत.

बस चालवणाऱ्या माणसाचे डोळे जावेत, याला काय म्हणायचं! काचबिंदूनं आधी कडा नेल्या. दोन्ही बाजूंची माणसं, गाड्या, झाडं नाहीशी झाली आणि नळीतून पाहावं तसा समोरचा एक गोल तेवढा उरला. मग तोही आवळत गेला. आता त्यांना उजेड कळे आणि अंधार कळे. मधलं सगळं हातानं.

तो हात बहुतेक वेळ याच भिंतीवर असे. झोपण्याच्या खोलीच्या चौकटीतून बाहेर पडायचं, डावा तळवा भिंतीला लावायचा आणि नऊ पावलं चालायची. भिंत संपली की स्वयंपाकघराचं दार. आत आठ पावलांवर ओटा, ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात शेगडी. ड्रायव्हर याला फेरी म्हणत. सकाळी सहाची पहिली फेरी, दोघांचा चहा करण्यासाठी. घरातलं तेवढं एक काम त्यांच्याकडे उरलं होतं आणि त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. भिंतीवर कमरेच्या उंचीला त्यांच्या तळव्याचा एक मळकट पट्टा उठला होता. घर बघायला कोणी येणार असलं की बाई तो ओल्या फडक्यानं पुसत. दोन दिवसांत तो पुन्हा उमटे.

घर विकायचं ते जिन्यापायी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आठ महिन्यांपूर्वी ड्रायव्हर उतरताना सहा पायऱ्या घसरत गेले. मनगट मोडलं, ते जुळलं, पण धीर मोडला तो काही जुळला नाही. त्या दिवसापासून ते खाली उतरलेच नव्हते. ज्या माणसानं रोज सगळं शहर पायाखाली घातलं, त्याची आता घरातल्या घरात सतरा पावलांची फेरी.

बाईंनी दुसरं घर हेरून ठेवलं होतं. लहानसं, लिफ्टच्या इमारतीतलं. समोर बाग आणि बागेच्या कडेनं सरळ फरशीची वाट, तिला लोखंडी कठडा. बाईंनी स्वतः डोळे मिटून, कठड्याला हात लावून ती वाट एकदा चालून पाहिली होती. बाकावरचे लोक बघत राहिले होते. त्या घराचा मालकही वयस्कर, मुलाकडे निघालेला. म्हणाला होता, "तुमचं विकलं जाईपर्यंत थांबतो मी. पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत."

आणि इकडे अकरा जोडपी घर बघून गेली होती. सगळी तरुण. म्हाताऱ्या माणसांना तिसरा मजला कोण घेणार? तरुणांना जिन्याचं काही नव्हतं, उलट व्यायाम होईल म्हणायची. अडायची ती भिंतीशी. कोणी म्हणालं, डब्यात डबे ठेवल्यासारखं वाटतं. कोणी म्हणालं, कोंदट आहे. एक मुलगी तर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे तुम्ही सगळे बाहेर बसून हसणार आणि मी इथे भिंतीकडे तोंड करून उभी? मला नको." बाईंना तिचा राग यायला हवा होता. आला नाही. पस्तीस वर्षं त्या अशाच उभ्या होत्या, आणि बाहेर लोक कशावर हसतायत हे त्यांना नेहमी नंतर, खरकटी भांडी आत येताना कळायचं.

"आजकालच्या मुलांना सगळं मोकळं लागतं, काकू," एजंट म्हणाला. "इकडे कांदा परततोय, तिकडे टीव्ही चाललाय, मूल तिथेच बसून अभ्यास करतंय. सगळं कसं एका नजरेत."

ड्रायव्हर तोवर हातात कप घेऊन दारात येऊन उभे राहिले होते. "नजरेचंच म्हणाल तर आमच्याकडे जरा टंचाई आहे," ते म्हणाले. "दोघांत मिळून एकच, तीही चष्म्याची."

एजंट हसावं की नाही अशा चेहऱ्यानं हसला आणि गेला.

तो गेल्यावर बाई डाळ निवडत बसल्या होत्या. ड्रायव्हर चौकटीला टेकून उभे होते.

"आणि मी कुठून चालायचं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दीड-दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. मी आहे ना हाताशी. मग आपण इथे असणारच नाही."

"मार्ग बंद केला की गाडी आगारात उभी राहते."

"तिकडे कठडा आहे. सांगितलं ना मी तुम्हाला? रोज जायचं खाली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा."

ड्रायव्हरांनी तळवा भिंतीवर टेकवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. बैल विकायच्या आधी कोणी त्याच्या पाठीवर ठेवावा, तसा.

"पाड," ते म्हणाले. "तुला पटतंय ना? मग पाड."

*

गवंडी त्यांच्याच वयाचा निघाला. मोजक्या शब्दांचा माणूस. त्यानं भिंतीतली वायर आधी ओढून काढली, खाली गोणपाट अंथरलं, घण उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"कोणीतरी इथून हात लावून चालतं," तो म्हणाला. पट्टा त्या दिवशी पुसायचा राहिला होता.

"हो."

"मग काढताय कशाला?"

"घर विकायचंय. मुलांना मोकळं लागतं म्हणतात."

"लागतं खरं. या वर्षातली ही माझी चौदावी." त्यानं तोंडाला फडकं बांधलं. "माझ्या बापानं बांधल्या, मी पाडतोय. वरून सुरू करतो. पट्ट्यावर पहिला घाव नको."

ड्रायव्हर आतल्या खोलीत पलंगावर बसले होते, नाकाशी ओला रुमाल धरून. प्रत्येक घावाला त्यांचे खांदे किंचित उडत. दुपारच्या जेवणापर्यंत भिंत संपली होती. बांधायला आठवडा लागला असेल, जायला अर्धा दिवस पुरला. विटांची पोती तीन मजले उतरवायलाच काय तो वेळ गेला. फरशीत भिंतीच्या रुंदीची जी खाच उरली, ती गवंड्यानं बुजवून वर नवी पट्टी बसवली. रंग जुळला नाही. जुळणारच नाही, असं तो आधीच म्हणाला होता.

संध्याकाळी सगळं पुसून झाल्यावर बाई हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या आणि बघतच राहिल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतलं ऊन थेट हॉलच्या दारापर्यंत आलं होतं. पस्तीस वर्षांत ते इथवर कधी आलं नव्हतं. घर दुप्पट झाल्यासारखं वाटत होतं. खरं सांगायचं तर बाईंना आनंद झाला, आणि लगेच चोरी पकडल्यासारखं होऊन त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं.

ड्रायव्हर चौकटीत येऊन उभे होते. डावा हात बाहेर काढलेला. तो हवेत पुढे गेला, थोडा वर, थोडा खाली फिरला आणि माघारी आला.

"अगं, आहेस का?"

"ही काय, समोरच आहे."

"समोर कुठे? आवाज सगळीकडून येतोय."

त्या उठल्या, त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीपर्यंत आणलं. हात गार पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाईंना जाग आली ती भांडं पडल्याच्या आवाजानं. ड्रायव्हर हॉलच्या मधोमध उभे होते, बाहेरच्या दाराकडे तोंड करून. पायाशी पातेलं पडलं होतं. ते कुठून उचललं आणि कुठे चालले होते, हे त्यांनाही सांगता आलं नाही. "चुकलो गं," एवढंच म्हणाले. तेहतीस वर्षांत त्या माणसाचा रस्ता कधी चुकला नव्हता.

मग बाईंनी दोरी बांधली. चौकटीच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत, कमरेच्या उंचीला, कपडे वाळत घालायची निळी दोरी. ड्रायव्हरांनी ती चाचपून पाहिली. "म्हणजे आता मी वाळत घातलेला," ते म्हणाले. पण चार दिवस त्या दोरीनं चहा झाला. पाचव्या दिवशी जोडपं येणार म्हणून एजंटनं आधी फोन करून सांगितलं, "काकू, ती दोरी तेवढी काढा हां. मोकळेपणा जातो." बाई सोडायच्या, ते लोक गेले की पुन्हा बांधायच्या. कधी बांधायला उशीर व्हायचा. एकदा अर्धीच सोडलेली राहिली आणि ड्रायव्हर तिच्यासकट शेगडीवर गेले. हात थोडक्यात वाचला. त्यानंतर ते सकाळी उठून बसायचे आणि बाई चहा आणून देईपर्यंत पलंगावरून हलायचे नाहीत. तक्रार केली नाही. चांगला झालाय म्हणायचे. बाईंना ठाऊक होतं, त्यांना स्वतःच्या हातचाच आवडायचा.

भिंत गेल्यानंतर तीन जोडपी आली. पहिल्यांना घर मनापासून आवडलं, पण नवऱ्याच्या आईला जिना चढवेना. दुसऱ्यांनी पुढच्या आठवड्यात कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही. तिसऱ्यांनी फोटो काढले, पुष्कळ काढले, आणि ते गेले ते गेलेच.

मुदतीचा महिना संपायला नऊ दिवस राहिले असताना लिफ्टच्या घराच्या मालकाचा फोन आला. बिचारा चाचरत बोलत होता. मुलानं घाई केली, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं, काल सही झाली. "तुम्हाला शब्द दिला होता, मला वाईट वाटतंय," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "नाही नाही, तुमचंही बरोबर आहे." फोन ठेवल्यावर त्यांनी ओट्यावरचा डाग घासायला घेतला. डाग जुना होता, जाणारा नव्हता. त्या घासत राहिल्या.

दुपारी त्यांनी मुलीला फोन लावला. मुलगी दूर, दुसऱ्या देशात. तिकडे सकाळ असायची. ड्रायव्हर हॉलमधल्या खुर्चीत मान टाकून झोपले होते, रेडिओ मांडीवर. बाई आपल्या नेहमीच्या जागी गेल्या, खिडकीशी, घराकडे पाठ करून. मुलीशी मनातलं बोलायची त्यांची ही जागा. इथून आवाज बाहेर जात नाही हे त्यांना पस्तीस वर्षांचं माहीत. सासूबद्दलची गाऱ्हाणी त्यांनी इथेच सांगितली होती, डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले त्या दिवशी रडल्याही इथेच.

"गेलं गं ते घर," त्या म्हणाल्या.

मुलीनं बरंच काही सांगितलं. दुसरं बघू, मी सुट्टीत येते, कोणी मदतीला ठेव. बाई हूं हूं करत राहिल्या. मग एकाएकी त्यांच्या तोंडून निघालं,

"खरं सांगू? त्या दिवशी जिन्यावरून पडले ना, तेव्हाच सुटले असते तर बरं झालं असतं. त्यांचीही सुटका झाली असती आणि माझीही."



"आई, असं नको ना बोलूस."

"नाही बोलत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी नाक पुसलं. बोलून टाकल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं होतं, एवढंच. मागे वळून पाहिलं तेव्हा ड्रायव्हर तसेच झोपले होते. रेडिओ तेवढा मांडीवरून कडेला सरकला होता.

*

शेवटचं जोडपं तीन दिवसांनी आलं. एजंट जिन्यातूनच बोलत येत होता, "हे घेणार म्हणजे घेणारच." मुलगी सडपातळ, केस आखूड कापलेले. तिच्या नवऱ्याच्या हातात एक लहानसं यंत्र होतं. बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडायचा आणि अंतर दिसायचं. तो एकेका भिंतीवर ठिपका टाकत फिरत होता. दोघंही गंभीर होती. उगाच छान छान म्हणत नव्हती, त्यामुळे बाईंना आशा वाटली.

"उजेड सुंदर आहे," मुलगी म्हणाली.

"मोकळं केलंय ना सगळं," एजंट म्हणाला. "इथे स्वयंपाक, इथे बैठक. पाहुणे आले तरी गप्पा मारत काम."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हे बंद करता येईल का?" मुलगी म्हणाली.

"काय बंद?" बाईंनी विचारलं.

"हे सगळं. म्हणजे, आम्ही दोघंही घरूनच काम करतो, काकू. मी दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. माझं त्याला ऐकू जाता कामा नये आणि त्याचं मला. त्यात मिक्सर, नळ, भांडी. आम्हाला दारं लागणाऱ्या खोल्या पाहिजेत. लहान चालतील, पण दार लागलं पाहिजे."

बाईंना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "पण तुमच्या वयाच्या मुलांना मोकळं आवडतं ना?"

"ते आमच्या ताईच्या वेळचं," मुलगी हसून म्हणाली. "तिनं सगळ्या भिंती पाडून घेतल्या हौसेनं. आता न्हाणीघरात स्टूल टाकून मीटिंगला बसते."

"किती मोठ्या आहेत ताई?"

"पाच वर्षांनी."

एजंटनं लगेच पवित्रा बदलला. "मग त्यात काय! भिंत काय, आठ दिवसांत उभी राहते. पाहिजे तिथे घालून घ्या."

"नव्या इमारतींत आता तयारच मिळतायत तशा," नवरा यंत्र खिशात टाकत म्हणाला. तो तुसडेपणानं नाही बोलला. खरं तेच सांगत होता. "छोट्या छोट्या बंद खोल्या. तेच बघू म्हणतो."

मुलगी निघता निघता खाली वाकली. फरशीतल्या त्या न जुळलेल्या पट्टीवर तिनं बोट फिरवलं. "इथे आधी भिंत होती का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हो म्हणावं तर पुढचं विचारणार, कधी पाडली, का पाडली. त्या तोंड उघडणार इतक्यात खुर्चीतून आवाज आला.

"छे! पहिल्यापासून असंच आहे. बिल्डरनंच असं दिलं," ड्रायव्हर म्हणाले. "आमचा बिल्डर काळाच्या पुढे होता. तुम्ही त्याच्याही पुढे निघालात, त्याला तो बिचारा काय करणार?"

सगळे हसले. मुलीनं ड्रायव्हरांचा हात हातात घेऊन निरोप घेतला. चांगली मुलगी होती. तिच्या पाठोपाठ एजंट उतरला आणि जाताना, फोन करतो काकू, असं म्हणाला. त्याचे शब्द जिन्याच्या वळणावर पुसट झाले.

बाई दार लावून ओट्याशी गेल्या. येणाऱ्यांसाठी काढलेले कप तसेच कोरडे पडले होते. ते त्यांनी पुन्हा फळीवर ठेवले.

"खोटं कशाला बोललात?"

"खरं बोलून भिंत येणार होती?"

"तसं नाही."

"मुलगी वाईट वाटून घेत बसली असती. आणि तू पण." ड्रायव्हरांनी रेडिओ मांडीवर घेतला, पण लावला नाही. "लिफ्टवालं घरही गेलं ना?"

बाईंचा हात फळीवरच थांबला. हे त्यांनी सांगितलं नव्हतं. महिना संपल्यावर सांगू, असं ठरवलं होतं.

"कोण म्हणालं तुम्हाला?"

"भिंतीला कान असतात म्हणतात ना? भिंत गेली, पण कान राहिले."

ते हसले. बाईही हसणार होत्या. विनोद चांगला होता. मग ड्रायव्हर म्हणाले,

"लेकीशी बोलायचं असलं ना, तर जिन्यात जाऊन बोलत जा. खिडकीशी बोललेलं सगळं इथे येतं. अक्षर न् अक्षर."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पुढे सरका, मागे जागा आहे, असं ते पूर्वी प्रवाशांना सांगत, तसं त्यांनी सांगितलं. काम सुरळीत चालावं म्हणून.

बाई पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. नळ थेंब थेंब गळत होता, तो त्यांनी घट्ट पिळला. काहीतरी बोलायला हवं होतं. तसं मनात नव्हतं म्हणावं, तर ते खोटं ठरलं असतं, आणि होतं म्हणावं, तर ते तरी कुठे पुरतं खरं होतं! एकतीस वर्षं त्यांनी शेकडो लेकरांना चुकलं तर काय म्हणायचं ते शिकवलं होतं.

"चहा टाकू?" त्या म्हणाल्या.

"टाक."

*

लेकीचा फोन रविवारी आला. ड्रायव्हर खुर्चीत होते, जागे. फोन वाजताच त्यांनी रेडिओ लावला आणि आवाज वाढवला. बाईंनी चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि त्या अर्धा जिना उतरून वळणावर थांबल्या. शेजाऱ्यांची सायकल भिंतीला टेकवलेली होती. तिच्या सीटवर धूळ साचली होती.

"कसं चाललंय, आई? बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत."

"घराचं काही?"

"बघतायत लोक."

"तुझा आवाज घुमतोय. कुठे आहेस तू?"

"जिन्यात."

"जिन्यात कशाला?"

बाईंनी वर पाहिलं. बंद दाराआडून रेडिओ ऐकू येत होता. कोणीतरी उद्याचं हवामान सांगत होतं.

"घरात रेंज येत नाही गं."

"कमाल आहे," मुलगी म्हणाली. "आता तर मधली भिंतही नाही."

"हो ना," बाई म्हणाल्या.

मुलगी वाट पाहत होती. त्या पायरीवर बसल्या आणि फोन कानाला लावून सायकलच्या सीटवरची धूळ बोटानं पुसू लागल्या.